शर्यतीतून निवृत्त झालेल्या स्कीपटूंना प्रशिक्षकपदाची वाट मोकळी करा : हिमक्रीडांच्या कारभाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
देशातील हिमक्रीडांचा कारभार पाहणारे पदाधिकारी, निवड समित्यांचे सदस्य आणि क्रीडा खात्यातील संबंधित अधिकारी यांस,

विषय : अल्पाइन स्कीइंगमधील माजी स्पर्धकांना प्रशिक्षक म्हणून शिक्षण, मान्यता आणि नेमणूक मिळण्याबाबत.

सादर नमस्कार.

गेल्या हंगामाच्या तोंडावर एका संघटनेने प्रशिक्षकांसाठी परिपत्रक काढले. संघासोबत प्रशिक्षक म्हणून जायचे असेल, तर त्या खेळातील मान्यताप्राप्त प्रशिक्षण-पदविकेची प्रत अर्जाला जोडावी आणि ती नसल्यास अर्जदाराचे नाव सहायकांच्या यादीत घेतले जाईल, असे त्यात म्हटले होते. वरवर पाहता नियम रास्त आहे. मुले कोणाच्या हाती सोपवतो आहोत, याची खातरजमा व्हायलाच हवी. अडचण एवढीच की अल्पाइन स्कीइंगच्या, म्हणजे डोंगरउतारावरून वेळ लावून खाली उतरण्याच्या शर्यतींसाठी प्रशिक्षक घडवून त्याला पदविका देणारी संस्था देशात कोणती, हे त्या परिपत्रकात नव्हते. मी लेखी विचारणा केली, तेव्हा ‘कार्यवाही नियमानुसार होईल’ एवढेच उत्तर आले. नियमानुसार झाले ते असे : ज्या मुलांना मी पहिल्यांदा स्की बांधायला शिकवले, ती मुले शर्यतीला गेली आणि त्यांच्यासोबत व्यवस्थापक म्हणून गेलेल्या सद्गृहस्थांनी आयुष्यात कधी स्कीवर पाय ठेवलेला नव्हता. मी सहायक म्हणून प्रेक्षकांच्या दोरीमागे उभी होते.

दोरीमागून काय दिसते, ते सांगते. स्लॅलमच्या, म्हणजे बर्फात रोवलेल्या काठ्यांच्या ‘गेट’मधून वळणे घेत उतरण्याच्या शर्यतीत पहिले दहा-पंधरा स्पर्धक उतरून गेले की गेटच्या पायथ्याशी बर्फ खरवडला जातो आणि वळणाच्या रेषेवर घळी पडतात. खाली उभा असलेला प्रशिक्षक ते पाहतो आणि वर स्टार्टपाशी असलेल्या सहकाऱ्याला रेडिओवर कळवतो की सपाटी संपल्यावरच्या दुसऱ्या निळ्या गेटला घळ खोल झाली आहे, वळण वरूनच सुरू कर, स्कीची धार उशिरा लावशील तर बाहेर फेकली जाशील. वीस सेकंदांचा हा निरोप मुलीच्या कानावर पडतो आणि मग ती काठ्या रोवून सुटते. त्या दिवशी आमच्या मुलांना हा निरोप द्यायला वरही कोणी नव्हते आणि खालीही नव्हते. त्यांतल्या एकीची शर्यत नेमकी त्याच गेटला संपली. दुखापत झाली नाही, हे नशीब.

संघटनेचे नाव मी इथे घेत नाही, कारण तक्रार एका कार्यालयापुरती नाही. देशात बर्फाच्या उतारांवर वर्षानुवर्षे जे चालत आले आहे, त्याचेच ते एक उदाहरण आहे, आणि म्हणून हे पत्र बंद पाकिटात न घालता सर्वांना वाचता येईल असे लिहीत आहे.

मी मूळची पुण्याची. महाविद्यालयात असताना गिर्यारोहणाच्या नादाने मनालीला स्कीइंगच्या प्राथमिक शिबिरासाठी गेले आणि तिथलीच झाले. राष्ट्रीय पातळीवरच्या स्पर्धांत स्लॅलम आणि जायंट स्लॅलममध्ये (यात गेट अधिक अंतरावर असतात) उतरले. मला मोठी पदके मिळाली नाहीत आणि तसा दावाही मी करत नाही. गुडघ्याचा अस्थिबंध तुटल्यावर शर्यती थांबल्या. त्यानंतर हिवाळ्यात सोलंग, पलचान, बुरुआ या गावांतल्या मुलांना शिकवते आणि उन्हाळ्यात पुण्यात येऊन टेकड्यांवर आणि व्यायामशाळेत काही मराठी मुलामुलींची बर्फाबाहेरची तयारी करून घेते. महाराष्ट्रात बर्फ पडत नाही हे खरे असले, तरी खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांना महाराष्ट्राचे संघ जातात आणि त्यांची तयारी कोणाला तरी करून घ्यावीच लागते.

आपल्या कार्यालयांत अनेकदा एक समजूत आढळते, की स्की शिकवणारा कोणीही शर्यतीचा प्रशिक्षक होऊ शकतो. गुलमर्गची भारतीय स्कीइंग व पर्वतारोहण संस्था, मनालीची अटलबिहारी वाजपेयी पर्वतारोहण संस्था, औलीची इंडो-तिबेट सीमा पोलिसांची संस्था यांनी हजारो लोकांना स्कीवर उभे केले आहे. मीही त्यांच्यासारख्याच एका संस्थेत शिकले आणि तिथल्या उस्तादांबद्दल मला आदर आहे. प्राथमिक, मध्यम, प्रगत आणि मग शिकवण्याची पद्धत शिकवणारा अभ्यासक्रम, अशी त्यांची चढती शिडी आहे. त्या शिडीच्या टोकाला पोहोचलेला माणूस नवख्याला सुरक्षितपणे उतार उतरवू शकतो. पर्यटनासाठी आणि सैन्यासाठी तेवढे पुरेसे आहे. शर्यतीचे काम मात्र तिथून पुढे सुरू होते.

ते काम काय असते, हे थोडे विस्ताराने लिहिते, कारण निर्णय घेणाऱ्यांपैकी फारच थोड्यांनी ते जवळून पाहिले असेल. सकाळी उतार अजून सावलीत असताना प्रशिक्षक बर्फात भोके पाडायचे ड्रिल यंत्र आणि गेटच्या काठ्यांचा भारा घेऊन वर जातो आणि मार्ग आखत खाली येतो. स्लॅलममध्ये एका वळणाच्या काठीपासून पुढच्या वळणाच्या काठीपर्यंतचे अंतर सहा मीटरपेक्षा कमी आणि तेरा मीटरपेक्षा जास्त असून चालत नाही. पण या मर्यादेत राहून आखलेले दोन मार्ग जमीन-अस्मानाइतके वेगळे असू शकतात. चढउतार कुठे आहे, सूर्य कुठून येणार, मुलांना आज लय शिकवायची आहे की लय मोडल्यावर सावरायला शिकवायचे आहे, यावर गेट कुठे रोवायचे हे ठरते. उभ्या रांगेतली गेट किती ठेवायची आणि त्यांतून बाहेर पडताना मुलाला श्वास घ्यायला जागा कुठे द्यायची, हे ज्याने स्वतः त्या रांगेत मार खाल्ला आहे त्यालाच नीट कळते. फेब्रुवारीच्या शेवटी सोलंगचा बर्फ दहा वाजताच मऊ पडू लागतो. मग मीठ टाकावे लागते, ज्याने वरचा थर वितळून पुन्हा घट्ट गोठतो. मीठ कमी पडले तर उपयोग नाही आणि वेळ चुकली तर दिवसभराचा उतार वाया जातो. आदल्या रात्री स्कीच्या धारा घासून ठेवायच्या. बाजूची धार ८७ अंशांवर आणायची की ८८, हे मुलाच्या वजनावर, त्याच्या पायांतल्या ताकदीवर आणि दुसऱ्या दिवशीच्या बर्फावर ठरवायचे. त्यात मुलगा दमला आहे की घाबरला आहे, हे त्याच्या पहिल्या तीन वळणांवरून ओळखायचे. यातले बरेचसे वाचून कळते, पण अंगवळणी पडते ते शर्यतीत उतरल्यावरच.

म्हणूनच जगभर अल्पाइन स्कीइंगमध्ये माजी स्पर्धकांकडे प्रशिक्षकाचे काम येते. इटलीच्या गुस्ताव थोनीने १९७१ ते १९७५ या काळात चार वेळा विश्वचषकाचे सर्वंकष, म्हणजे सगळे प्रकार मिळूनचे, विजेतेपद मिळवले आणि १९७२ मध्ये साप्पोरोला जायंट स्लॅलमचे ऑलिंपिक सुवर्ण जिंकले. पुढे तोच थोनी अल्बेर्तो तोम्बाचा प्रशिक्षक झाला. तोम्बाने १९९२ मध्ये आल्बेरव्हिलला जायंट स्लॅलमचे ऑलिंपिक सुवर्ण राखले आणि १९९५ चा सर्वंकष विश्वचषक जिंकला. त्यामागे थोनीच्या नजरेचा वाटा होता, हे इटलीत कोणी नाकारत नाही. नॉर्वेच्या अक्सेल लुंड स्विंडालने दोन ऑलिंपिक सुवर्णपदके मिळवली, बीव्हर क्रीकच्या भयंकर अपघातातून तो परत उभा राहिला, आणि २०२५ मध्ये अमेरिकेच्या लिंडसे व्हॉनने पुनरागमनाच्या तयारीसाठी त्याला आपल्या प्रशिक्षकांत घेतले. ही झाली मोठी नावे. या देशांत खालच्या पातळीवरही, खेड्यातल्या क्लबापर्यंत, निवृत्त स्पर्धकाला वाट मोकळी असते. ऑस्ट्रियात सेंट क्रिस्टोफला सरकारी शिक्षणक्रम चालतो, फ्रान्समध्ये शामोनीला राष्ट्रीय संस्था आहे, अमेरिकेच्या संघटनेने प्रशिक्षकांसाठी पायऱ्या-पायऱ्यांची प्रमाणपत्रे ठरवून दिली आहेत. फ्रान्समध्ये तर साधा स्की-शिक्षक व्हायचे तरी जायंट स्लॅलमची वेळ लावून घेतलेली चाचणी उत्तीर्ण व्हावी लागते.

आपल्याकडे ही परंपरा नाही असे कोणी म्हणू नये. कोल्हापूरच्या कोणत्याही तालमीत जा, हौदाच्या कडेला बसलेला वस्ताद एकेकाळी त्याच मातीत लढलेला मल्ल असतो आणि त्याने शड्डू ठोकणे थांबवले म्हणून त्याची विद्या तालमीबाहेर जात नाही. बर्फावर मात्र आपण दर पिढीला नव्याने सुरुवात करतो.

हिवाळी ऑलिंपिकमध्ये जेरेमी बुजाकोव्स्की १९६४ मध्ये इन्सब्रुकला आणि १९६८ मध्ये ग्रेनोबलला भारतातर्फे उतरला. १९८८ मध्ये कॅलगरीला शैलजा कुमार स्लॅलममध्ये उतरली. २००६ मध्ये तुरिनला नेहा आहुजा आणि हीरालाल, २०१० मध्ये व्हँकूव्हरला जाम्यांग नामग्याल, २०१४ मध्ये सोचीला हिमांशु ठाकूर. यांतल्या प्रत्येकाने ऑलिंपिकच्या उतारावर जे शिकले, ते पुढच्याला पोहोचावे यासाठी देशाने काही योजना केली का? मला तरी ती कुठे दिसली नाही. जे पोहोचले ते माणसांच्या जिव्हाळ्याने पोहोचले. आंचल ठाकूरने जानेवारी २०१८ मध्ये तुर्कस्तानात एर्झुरुमला स्लॅलमचे कांस्यपदक मिळवले, तेव्हा आंतरराष्ट्रीय स्की महासंघाच्या स्पर्धेत भारताला मिळालेले ते पहिले पदक म्हणून देशभर कौतुक झाले आणि पंतप्रधानांनीही अभिनंदन केले. तिला शिकवणाऱ्यांत तुरिनला उतरलेले हीरालाल होते. ज्या एका ठिकाणी माजी ऑलिंपिकपटू पुढच्या मुलीच्या पाठीशी उभा राहिला, तिथे पदक आले. यावरून निष्कर्ष काढण्याचे काम मी आपल्यावर सोपवते.

आता तक्रारी.

सर्वांत मोठी तक्रार वर आलीच आहे : प्रमाणपत्र मागितले जाते, पण ते देण्याची सोय केलेली नाही. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेतून कुस्तीचे, हॉकीचे, बॉक्सिंगचे प्रशिक्षक तयार होतात. आमच्यापैकी कोणी तिथून अल्पाइन स्कीइंगची पदविका घेऊन उतारावर आल्याचे मी पाहिलेले नाही. परदेशी प्रमाणपत्र घ्यायचे तर युरोपात आठवडेच्या आठवडे राहण्याचा खर्च करावा लागतो आणि तो करून परतलेल्याचे प्रमाणपत्र कोणत्या रकान्यात मोजले जाईल, हेही आधी लेखी मिळत नाही. या पेचातून सर्वांत हुशार माणसे सर्वांत आधी बाहेर पडतात. कोणी गुलमर्गला परदेशी पाहुण्यांचा मार्गदर्शक होतो, कोणी स्की भाड्याने देण्याचे दुकान टाकतो, कोणी हॉटेल. त्यांना मी दोष देत नाही. घर चालवायला हवे.

दुसरी तक्रार गुणांच्या हिशेबाबद्दल आहे. ती रुक्ष वाटेल, पण ऑलिंपिकचा दरवाजा याच हिशेबाने उघडतो. आंतरराष्ट्रीय महासंघाच्या पद्धतीत गुण जितके कमी तितका खेळाडू वरचा. विजेत्यापेक्षा जास्त लागलेल्या वेळेला विजेत्याच्या वेळेने भागायचे आणि ठरलेल्या गुणकाने गुणायचे; स्लॅलमसाठी ७३० हा गुणक आहे. विजेत्याने ६० सेकंद घेतले आणि आमची मुलगी तीन सेकंदांनी मागे राहिली, तर तिचे शर्यतीचे गुण होतात ३६.५. त्यात त्या शर्यतीचा दंडांक, म्हणजे शर्यत किती तगडी होती हे दाखवणारा आकडा, मिळवायचा. दंडांक ठरतो तो पहिल्या दहांत आलेल्यांपैकी सर्वोत्तम गुण असलेल्या पाच जणांवरून आणि स्टार्टला उभ्या राहिलेल्यांतल्या सर्वोत्तम पाच जणांवरून. म्हणजे शर्यतीत चांगले गुण असलेले खेळाडूच नसतील, तर जिंकूनही गुण फारसे उतरत नाहीत. कोणत्या देशातल्या, कोणत्या आठवड्यातल्या, किती तगड्या शर्यतीत मुलाला उतरवायचे, हा निर्णय प्रशिक्षकाने महिनोन्‌महिने आधी घ्यायचा असतो. हातात पैसे थोडे असताना तर एकही शर्यत चुकीची निवडणे परवडत नाही. हे नियोजन आज कोण करते? बहुतेक ठिकाणी मुलाचे वडील करतात, नाहीतर संकेतस्थळ चाळून मुलगा स्वतःच करतो.

गुलमर्गच्या आरिफ खानने हे सगळे कसे निभावले, ते आपल्याला ठाऊक आहे. वडिलांचे गुलमर्गला स्कीचे दुकान होते, म्हणून पोराला लहानपणी बर्फ आणि साहित्य दोन्ही मिळाले. २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांत त्याने सुवर्ण जिंकले. त्यानंतर ऑलिंपिकला पोहोचायला त्याला दशकाहून अधिक काळ लागला. २०२२ मध्ये बीजिंगला स्लॅलम आणि जायंट स्लॅलम अशा दोन्ही प्रकारांत पात्र ठरलेला तो भारताचा एकमेव खेळाडू होता. ध्वजही त्याच्याच हाती होता. यानछिंगच्या उतारावर दाट हिमवर्षावात झालेल्या जायंट स्लॅलममध्ये तो ४५ वा आला, स्लॅलम पूर्ण करू शकला नाही. ऑलिंपिकच्या तयारीला मदत करणाऱ्या सरकारच्या टॉप्स योजनेत त्याचे नाव आले ते स्पर्धेच्या अगदी तोंडावर आणि ऑस्ट्रियातल्या सुमारे पाच आठवड्यांच्या सरावासाठी मदत मंजूर झाली. मदत मिळाली याचा आनंदच आहे. परंतु पाच आठवड्यांत शरीराला धार येते, पाया घातला जात नाही. तो पाया वयाच्या दहाव्या-बाराव्या वर्षी घालावा लागतो आणि तिथे ना योजना पोहोचते, ना मानधन. हीच माझी तिसरी तक्रार समजावी : पैसा वरच्या टोकाला आणि शेवटच्या घटकेला येतो. परदेशी प्रशिक्षक काही आठवड्यांसाठी आणला जातो, त्याच्यासोबत शिकायला एकाही भारतीय प्रशिक्षकाला ठेवले जात नाही, आणि तो विमानात बसला की त्याची वहीही त्याच्याबरोबर जाते.

चौथी तक्रार स्त्रियांबाबत आहे आणि ती केवळ भारताची नाही, हे मी आधीच मान्य करते. स्वित्झर्लंडच्या मारी-तेरेस नाडिगने साप्पोरोला डाउनहिल (सर्वांत वेगवान प्रकार) आणि जायंट स्लॅलम अशी दोन सुवर्णपदके जिंकली. पुढे ती देशाच्या महिला संघाची मुख्य प्रशिक्षक झाली, पण ते पद तिच्याकडे जेमतेम एक हंगाम टिकले. विश्वचषकाच्या शर्यतीचा मार्ग एका स्त्रीने आखला असे पहिल्यांदा घडायला जानेवारी २०१६ उजाडावे लागले. ऑस्ट्रियातल्या फ्लाखाऊच्या स्लॅलममध्ये करिन हार्यो हिने तो आखला. जिथे खेळ शंभर वर्षे रुजला आहे, तिथली ही गत. आपल्याकडे बारा-तेरा वर्षांच्या मुलींना शिबिराला पाठवताना पालक पहिला प्रश्न विचारतात तो हाच, की सोबत बाई कोण आहे. या प्रश्नाला आपल्याजवळ उत्तर नसते आणि मग मुलगी घरी राहते. शर्यतीत उतरलेल्या मुली देशात नाहीत असे नाही. शर्यत सुटल्यावर त्यांच्याकडे कोणी वळून पाहत नाही.

पाचवी तक्रार सुरक्षेची आहे आणि ती मी सर्वांत आधी लिहायला हवी होती, असे काहींना वाटेल. सप्टेंबर २०२५ मध्ये इटलीचा मात्तेओ फ्रान्झोसो चिलीतल्या ला पार्वा येथे सरावादरम्यान सुरक्षाजाळ्या पार करून बाहेर फेकला गेला आणि दोन दिवसांनी त्याचा मृत्यू झाला. त्याच्या आदल्या वर्षी ऑक्टोबरमध्ये इटलीचीच माटिल्डे लोरेंझी व्हाल सेनालेसला सराव करताना पडली आणि तिचा मृत्यू झाला. ती अवघी एकोणीस वर्षांची होती. दोन्ही अपघात शर्यतीत झाले नाहीत, सरावात झाले, आणि तेही जगातल्या सर्वांत अनुभवी संघांपैकी एका संघात. तिथे हे घडू शकते, तर आपल्या सरावाच्या उतारांवर, जिथे पुष्कळदा एका बाजूला देवदार, दुसऱ्या बाजूला पर्यटकांची गर्दी आणि मध्ये जाळीचा पत्ता नाही, तिथे काय होऊ शकते? पडणारा कुठे घसरत जाईल हे पाहून गेट कुठे लावू नयेत, हे ठरवणे प्रशिक्षकाचे काम आहे. ते व्यवस्थापकाला जमणार नाही. त्याच्याकडून तशी अपेक्षा करणे त्याच्यावरही अन्याय आहे.

सैन्यदले आणि सीमा पोलिसांतल्या स्कीपटूंबद्दल थोडक्यात लिहिते. देशातले कितीतरी उत्तम स्पर्धक त्यांच्याकडे आहेत, गुलमर्गच्या हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूलसारखी संस्था आहे. पण शर्यत संपलेल्या जवानाची बदली होते आणि उतारावर तयार झालेला प्रशिक्षक कुठल्या तरी चौकीवर किंवा मैदानी भागात जातो. त्यांची सेवा प्रथम, हे मान्यच आहे. हंगामातले दोन-तीन महिने तरी त्यांना प्रतिनियुक्तीवर पाठवता येणार नाही का?

मला मिळणारे नेहमीचे उत्तर मी ओळखते : आधी बर्फ तर पडू द्या. ते उत्तर अगदीच पोकळ नाही. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्ग कोरडे पडले होते आणि २०२५ मध्ये खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांचा गुलमर्गचा भाग बर्फाअभावी फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलावा लागला. औलीत तर बर्फ नाही म्हणून स्पर्धा रद्द होणे आम्हा सर्वांच्या अंगवळणी पडले आहे. पण हंगाम जितका आखूड, तितकी प्रशिक्षकाची गरज अधिक. ऑस्ट्रियाचा मुलगा हिमनदीवर उन्हाळ्यातही सराव करतो, त्याचा एखादा आठवडा वाया गेला तर भरून निघतो. आमच्या मुलाला वर्षात जे थोडे दिवस मिळतात, त्यांतला एकही चुकीच्या तंत्रात घालवून चालत नाही. उरलेल्या काळात पायांची ताकद, तोल, लवचिकता, रोलर स्केटवरचा सराव, चित्रफिती पाहून केलेली उजळणी, हे सगळे बर्फाशिवाय होते. पुण्यात मी तेच करते. त्यासाठी हिमालय लागत नाही, जाणता माणूस लागतो.

स्पर्धकच मोजके आहेत, मग प्रशिक्षकांवर खर्च कशाला, असेही विचारले जाते. स्पर्धक मोजके आहेत, कारण गावात शिकवणारे मोजके आहेत. बुरुआच्या एखाद्या घरातली दोन मुले स्कीवर चांगली असतात, तिसरा मोठा होईपर्यंत शिकवणारा सोडून गेलेला असतो आणि तिसरा पॅराग्लायडिंगच्या धंद्याला लागतो. हे मी डोळ्यांनी पाहत आले आहे.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

अल्पाइन स्कीइंगच्या शर्यतींसाठी प्रशिक्षकांचा अभ्यासक्रम देशातच सुरू करावा. नवी इमारत नको, नवी संस्था नको. गुलमर्ग, मनाली आणि औली इथे उतार आहेत, वसतिगृहे आहेत, शिकवण्याची शिस्त आहे. तिथल्या प्रगत अभ्यासक्रमाच्या पुढे मार्ग आखणे, वेळ मोजणे, गुणांचा हिशेब, साहित्याची निगा, सुरक्षा आणि लहान मुलांचे शरीरशास्त्र एवढे विषय जोडावेत आणि परदेशातला एक अनुभवी शिक्षक पहिले दोन-तीन हंगाम बोलवावा. राष्ट्रीय स्पर्धांत उतरलेल्या खेळाडूंना प्रवेशात प्राधान्य द्यावे. हा अभ्यासक्रम सुरू होऊन पहिली तुकडी बाहेर पडेपर्यंत पदविकेची अट स्थगित ठेवावी आणि तोवर ज्यांनी शर्यतीत भाग घेतल्याचे व मुलांना शिकवल्याचे पुरावे आहेत, अशांची उतारावर प्रत्यक्ष परीक्षा घेऊन त्यांना तात्पुरती मान्यता द्यावी. परीक्षेला मी स्वतः पहिल्या दिवशी हजर राहीन. त्यात नापास झाले, तर दोरीमागे उभी राहायला माझी हरकत नाही.

खेलो इंडिया केंद्रांच्या योजनेत माजी खेळाडूंना प्रशिक्षक म्हणून नेमण्याची तरतूद आहे. ती बर्फाच्या गावांत अल्पाइन स्कीइंगसाठी वापरावी आणि मानधन हंगाम उलटून गेल्यावर न देता हंगामात द्यावे. त्या नेमणुकांत स्त्रियांसाठी जागा राखून ठेवाव्यात. मुलींचा संघ कुठेही गेला, तर त्यासोबत एक स्त्री प्रशिक्षक असल्याशिवाय तो रवाना होऊ नये.

परदेशी प्रशिक्षक नेमला जाईल तेव्हा त्याच्यासोबत किमान दोन भारतीय प्रशिक्षक पूर्ण काळ राहतील, अशी अट करारातच घालावी.

संघासोबत जाणाऱ्यांची यादी शर्यतीच्या आधी जाहीर करावी आणि प्रत्येकाच्या नावापुढे त्याचा स्कीइंगमधला अनुभव लिहावा. व्यवस्थापक जरूर असावेत, पण प्रशिक्षकाची जागा रिकामी ठेवून नकोत.

सरावाच्या उतारांवर जाळ्या, रेडिओ, प्रथमोपचार आणि स्ट्रेचरची सोय असल्याशिवाय गेट लावायला परवानगी देऊ नये. हा नियम मलाही लागू व्हावा.

हे सगळे एका हंगामात होणार नाही, याची मला जाणीव आहे. मात्र पदविकेच्या अटीबाबतचा निर्णय कागदावरचा आहे आणि त्याला बर्फाची वाट पाहावी लागत नाही. युरोपातल्या शर्यतींच्या नोंदण्या आणि राहण्याची व्यवस्था शरद ऋतूतच ठरते, म्हणून तो निर्णय ऑक्टोबरपूर्वी व्हावा आणि सर्व राज्य संघटनांना लेखी कळवावा. अभ्यासक्रमाचा मसुदा करताना माझ्याकडच्या मार्ग-आखणीच्या वह्या, वेळांच्या नोंदी आणि मुलांच्या चित्रफिती हव्या असतील, तर त्या मी कोणतेही शुल्क न घेता देईन. माझ्यासारखे आणखी काही माजी स्पर्धक मनाली, जोशीमठ आणि टंगमर्गला आहेत. त्यांनाही बैठकीला बोलवावे.

या पत्राची प्रत मी राज्याच्या क्रीडा संचालनालयाला आणि माझ्याकडे शिकणाऱ्या मुलांच्या पालकांना पाठवत आहे. उत्तर आल्यास तेही याच पद्धतीने सर्वांसमोर ठेवीन.

कळावे,

आपली नम्र,
एक माजी स्कीपटू आणि सध्याची ‘सहायक’
पुणे / मनाली